कराराला सुतक नसतं

परशुराम : चा मागनं पी. पयलं सांग, मच्छीखात्याचा साहेब काय बोल्ला?

जयेश : सांगतो, बाबा. तुम्ही जेवलात का?

परशुराम : जेवन कुटं पलून जातंय? तू कामाचे दिवशी घोरबंदरवरना टॅक्सी करून आलास, तवाच मना वाटलं, झालं काम. नायतर तुना एवढी घाई कवा असते? गनपतीला सुदीक दुपारची आरती झाल्यावर उगवतोस.

जयेश : काम नाही झालं, बाबा.

परशुराम : आज नाय झालं?

जयेश : आज नाही, उद्या नाही. होणारच नाही.

परशुराम : असं कसं? तू त्याला नीट सांगितलंस ना? तुजी आय गेली, घरान सुतक व्हतं, म्हनून आपलं म्हावऱ्याचं जालं खारीचे पान्यान गेलं नाय. आलशीपना केला नाय आपन.

जयेश : सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पाणी विचारलं, स्वतःची आई गेली तेव्हाचं पण सांगितलं. चांगला माणूस आहे तो. मग म्हणाला, जयेशजी, खाडीतल्या जागा वाटणारं हे आपोआप चालणारं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तुम्हीच लिहिलंत ना? कुणालाही, कधीही बदलता येणार नाही, अशी हमी तुम्हीच दिलीत ना आम्हाला? मी म्हटलं, हो. तर म्हणाला, मग आता मी तुम्हाला काय बदलून देऊ?

परशुराम : त्याला नसंल येत. तुना तर येतं. तुजाच करार हाय. उघर तो मोबाइल आनि माजं नाव टाक परत.

जयेश : चावी नाही माझ्याकडे.

परशुराम : नाय कशी? तूच कुलूप केलंस ना?

जयेश : विसरलात का? गावदेवीसमोर सभा झालेली. चावी माझ्याकडे राहिली तर उद्या लोक म्हणतील, आधी सोसायटीचा चेअरमन जागांच्या याद्या फिरवायचा, आता परशुरामचा पोरगा फिरवतो. म्हणून सगळ्यांच्या समोर मी ती कायमची पुसून टाकली. आता ते कॉन्ट्रॅक्ट एकटंच चालतं. मी, तुम्ही, साहेब, कुणीच हात घालू शकत नाही त्याच्यात.

परशुराम : विसरलो कशाला? सगल्यांनी टाल्या वाजवल्या. तुजी आय तर रडाय लागली. बोल्ली, माज्या पोरानं खारीतलं भांडन मिटवलं. घरोघर पेढं वाटत फिरली बाय.

जयेश : हो.

परशुराम : आनि एकबी नाव मागनं घुसायला नको, हे मीच बोललेलो. सगल्यात मोठ्यानं. चेअरमननं सोताचा मेवना घुसवलेला ना, आपण जालं बांदतो त्या बापजाद्यांचे खुंटावर, त्याचा राग व्हता मना.

जयेश : तुमचं बरोबरच होतं, बाबा.

परशुराम : मग आता काय, नवीन करार लिव. त्यान सुतक टाक.

जयेश : तेपण विचारलं. साहेब म्हणतो, आता नियम बदललेत. यापुढच्या प्रत्येक करारात थांबवायचं बटण पाहिजे, तक्रार ऐकायला माणूस पाहिजे. म्हणजे जे आपल्याला हवं होतं तेच. पण ते पुढच्यांना. आपला आधीचा, तो चालू आहे तोपर्यंत त्याच जागांवर दुसरा परवाना देता येत नाही.

परशुराम : म्हंजे पयलं मोरायला पायजे हे?

जयेश : आणि ते मोडता येत नाही. तसंच बनवलंय मी ते.

परशुराम : बरं, बरं. तोंड नको पारू. माजं बग, मना काय भीती नाय. साहेब राहू दे साहेबाचे घरान. तुना म्हाईत नाय, गावानं माज्याकरता काय केलंय.

जयेश : माहीत आहे, बाबा.

परशुराम : कुटं म्हाईत हाय? तू राहतोस टावरान, वर ढगान. ऐक. तुजे करारानं माजी जागा विमलाबाईचे घराला दिली. ती दुसरेच दिवशी आपले दारान उभी. बोल्ली, परशुरामदादा, मालू गेली, तिचे जागंवर मी जालं टाकायची नाय, मना जेवन नाय जायाचं. आनि नाय टाकलं. मग जागा गेली गोविंदाला. त्याचे सोताचे जागंवर नुसता गाल भरलाय, कोलंबी सुदीक गावत नाय. पोरीचं लगीन काढलंय. तरीबी तो शिवला नाय. मग पुढचं घर, मग त्याचे पुढचं. एकानंबी हात नाय लावला. मी रोज सकाली बांधावर जातंय, बगतंय. माजे खुंट पान्यान तसेच उघरे उभे. मना इतकं भरून येतं, जयेश. तुजी आय गेल्यावर लोक भेटायला आले, रडले, जेवून गेले. ती रीतच हाय. पन हे कोन करतं? सगला कोलीवारा तिचं सुतक पालतोय.

जयेश : बाबा, त्यामुळेच मी टॅक्सी करून आलो.

परशुराम : कशामुलं?

जयेश : ते जागा रिकामी ठेवतायत, त्यामुळे. कसं सांगू तुम्हाला... कॉन्ट्रॅक्टला तो मान दिसत नाही. जाळ्याच्या तरंगत्या बोयाला जी सेन्सरची डबी बांधलीय ना, ती पाण्यात आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. आपली डबी सलग तीन पाळ्या कोरडी राहिली, आपलं नाव गेलं. नवीन घराला तर एकच पाळी मिळते. त्यांनी जाळं नाही टाकलं की त्याला वाटतं, यांना नकोय. जागा पुढे.

परशुराम : सरकू दे पुढं. फिरून फिरून माज्याकरंच येल ना.

जयेश : तुमचं नाव यादीत नाही.

परशुराम : मग परत पयल्यापास्नं फिरंल. विमलाबाईपास्नं.

जयेश : नाही फिरत. शेवटच्या घराने सोडली की जागा खात्याला जाते. परवान्याची अट आहे ती. वापरात नसलेली जागा कोळीवाड्याला अडवून ठेवता येत नाही. मी ती अट लिहिली नसती तर आपलं कॉन्ट्रॅक्ट पासच झालं नसतं.

परशुराम : शेवटचं घर कंचं?

जयेश : आपल्या शेजारचं. मितेशचं.

परशुराम : त्याची पाली कवा हाय?

जयेश : आज. आत्ताच्या भरतीला.

परशुराम : म्हंजे मी रोज सकाली बांधावर जाऊन काय बगत व्हतो?

जयेश : बाबा, पाणी देऊ?

परशुराम : सांग ना. काय बगत व्हतो मी? गाव एकेक करून माजी जागा बुरवत व्हता, आनि मी तिकरं उभा राहून हात जोरत व्हतो!

जयेश : त्यांना नव्हतं माहीत. मलापण काल कळलं. मला वाटत होतं, विमलाबाईंनीच घेतली असेल. तुम्ही फोनवर बोलला नाहीत.

परशुराम : तू इचारलंस कवा?

जयेश : नाही विचारलं.

परशुराम : सभेत मोठा इचारत व्हतास. काका, नियम सांगा, आजोबा, तुमी सांगा. वारा सुटला तर काय, होरी फुटली तर काय, मानूस आजारी पडला तर काय. सगलं लिवून घेतलंस. सुतक नाय लिवलंस?

जयेश : कुणी बोललंच नाही सुतक.

परशुराम : बोलायचं काय त्यान? मयत झालेले घरचं जालं भिजत नाय, हे पालन्यातले पोराला ठावं हाय! मितेश आलेला ना इचारायला, काका, तुमचं जालं मी टाकून येऊ का? मीच नको बोल्लो. तिची राख थंड झाली नाय आनि तिचे हातानं विनलेलं जालं पान्यान घालू?

जयेश : मलापण ठाऊक होतं. याच घरात वाढलो ना मी. आजी गेली तेव्हा जाळं काठीवर टांगलेलं अजून आठवतं. पण लिहायला बसलो तेव्हा नाही आठवलं. तेव्हा कुणी मेलं नव्हतं, बाबा.

परशुराम : तुना एक सांगू? राग नको धरू. चेअरमन चोर व्हता. नालायक मानूस. पन तो तुजे आजीचे मयताला आलेला, खांदा देऊन गेला. त्याचे यादीत आपली पाली चुकलेली, तर सोताहून बोल्ला, परशुराम, तू नंतर टाक. शिव्या घातल्या तर त्याला ऐकू तरी यायच्या.

जयेश : घाला ना मला. मला येतात ऐकू.

परशुराम : तुना घालून काय व्हनार? तू बी माजेसारकाच बसलायस.

जयेश : दहाव्याला माझं डोकं भादरत होते ना, तेव्हा गेली तिसरी पाळी. खिशात मोबाइल वाजला. मला वाटलं, ऑफिसचा मेसेज. मी बंद करून टाकला. नंतर बघितलं. मीच लिहिलेलं वाक्य होतं ते... हे घर यादीतून काढण्यात आले आहे. मला आई राहिली नाही, आणि तुमचं तोंड बघायची हिंमतपण राहिली नाही. म्हणून यायचो नाही मी. कामाचं नुसतं निमित्त.

परशुराम : येरा हायस. तुजे आयला काय सांगू मी? पोरगा तुज्या खुंटापायी घरी यायचा बंद झाला?

जयेश : तुम्हाला काय वाटतं ते सांगा फक्त. करायचं काय? वेळ नाहीये.

परशुराम : जाऊ दे ना खात्याला. माजी गेली ती गेली. तिचे जागंवर दुसऱ्याचं जालं बगण्यापरीस रिकामी बरी.

जयेश : रिकामी नाही राहणार. प्रवासी बोटींसाठी धक्का टाकायचा चाललंय खाडीत. साहेबाच्या टेबलावर नकाशा होता. एक जागा मोकळी मिळाली की तिथूनच सुरू करणार. मग शेजारची जाळी राहतील का? एका बाजूला विमलाबाई, दुसऱ्या बाजूला गोविंदा.

परशुराम : गोविंदाचे पोरीचं लगीन हाय.

जयेश : हो ना.

परशुराम : म्हंजे ज्यांनी माज्याकरता जागा सोरली, त्यांचीच जानार.

जयेश : मितेशने आज जाळं टाकलं तर नाही जाणार. जागा कोळीवाड्यातच राहील. त्याच्या नावावर. पण तो टाकणार नाही. सकाळी फोन केलेला मी, उचलत नाही. होडी काठालाच आहे.

परशुराम : माजं नाव परत नाय लागायचं?

जयेश : नाही.

परशुराम : कवाच?

जयेश : कधीच नाही, बाबा.

परशुराम : तू शिकायला गेलास तवापास्नं तीच यायची माजेबरोबर होरीन. लोक हसायचे, परशुराम बायकोला घेऊन खारीन जातो. ती बोलायची, हसू द्या, म्हावरं आपल्याला गावतं ना? पानी चढेपर्यंत तितंच बसून भाकर खायचो आमी, होरी खुंटाला बांदून. घरान कवा एका ताटान जेवलो नाय. तितं जेवायचो.

जयेश : मला नव्हतं माहीत.

परशुराम : तुना कशाला सांगू? ...हाक मार मितेशला. मोबाइल नको. पडवीतनं हाक मार, उचलतोय का नाय बगू.

(मितेश येतो आणि पायरीवरच उभा राहतो.)

मितेश : काका, आज माझी पाळी आहे, जयेशदादाने सांगितलं असेल ना? टेन्शन नका घेऊ. मी आज जातच नाय. होडी काढलीच नाय मी. बाकीच्यांनी सोडली आणि शेजारचा मीच टाकेन काय? काकींनी भरवलंय मला.

परशुराम : वर ये. बस.

मितेश : नको, इथंच बरा आहे. सकाळीच मम्मी पण बोलली, आज खाडीकडे बघायचं पण नाय.

परशुराम : मितेश, होरी कार.

मितेश : कुठं जायचंय, काका? मी सोडतो ना तुम्हाला.

परशुराम : माजे जागंवर जालं टाकून ये.

मितेश : काय बोलताय? चेष्टा करताय ना?

जयेश : चेष्टा नाही रे. तू आज नाही टाकलंस तर जागा सरकारजमा. कायमची. धक्का येणार तिथे.

मितेश : पण तू तर बोललेलास, पुढच्या घराला जाते.

जयेश : पुढे घरच नाही. तूच शेवटचा.

मितेश : च्यायला! म्हणजे आम्ही सगळे... काका, आम्ही तर तुमच्यासाठी...

परशुराम : ठावं हाय मना. ठावं हाय, पोरा.

मितेश : वाट लावली आम्ही. गोविंदाकाकाने एवढा चान्स सोडला, आणि त्याचा असा... जयेशदादा, तू एवढा शिकलेला, आधी नाय सांगता आलं?

जयेश : नाही आलं.

परशुराम : त्याला नको बोलू.

मितेश : मग असं करूया ना. सोपं आहे. माझी डबी तुमच्या जाळ्याला बांधतो. जागा माझ्या नावावर दिसेल, जाळं तुमचं, म्हावरं तुमचं. तुम्ही जायचं रोजच्यासारखं. कोणाला काय कळतंय?

जयेश : तपासणीची बोट येते. बाबांकडे परवाना नाही आता. पकडलं तर तुझापण जाईल.

मितेश : पकडू दे! बघून घेऊ!

परशुराम : नको.

मितेश : काका, गावात एक माणूस नाय बोलणार.

परशुराम : म्हनूनच नको. यादीन एकाचं नाव आनि पान्यान दुसऱ्याचं जालं, ह्याच्यावरनंच मी चेअरमनची गचांडी धरलेली. तवा माजे जागंवर त्याचा मेवना व्हता. आता तुजे नावावर मी बसू?

मितेश : तुमची गोष्ट वेगळी आहे.

परशुराम : त्यालाबी तसंच वाटत असंल. ऊठ. पानी चढाय लागलं.

मितेश : मला नाय जमणार. खरंच नाय जमणार, काका. बांधावर सगळे बसलेत. काय बोलतील? परशुरामकाकाच्या जागेवर...

परशुराम : बोलतील तर माजेकरं पाठव. सांग, काकानं धारलंय. अरे, सगला गाव माज्याकरता थांबला. लई झालं. एवढं कोनी कोनाकरता थांबत नाय. आता मीच सांगतंय ना, नका थांबू.

मितेश : तुम्ही तरी चला सोबत. होडीत बसा नुसते.

परशुराम : नको. मी आलो तर माजे हातान दोरी येल. ऐक आता नीट. डावे अंगाचा खुंट कललेला हाय. त्याला वरना दोरी नको बांदू, निसटते. वाकून खाली बांद, पान्याचे जवल. मालू वाकायची, मी वल्हं धरून होरी आवरायचो. तू एकटा हायस, तर पयली होरी आरवी लाव, मग वाक. समजलं?

मितेश : आडवी लावायची. खाली बांधायचं.

परशुराम : आनि सुकती लागली, पानी उतराय लागलं, की लगेच नको उचलू. जरा थांब. शेवटी शेवटी गावतं तितं, आनि मोठं गावतं. बाकी कोनाला हे ठावं नाय. आमाला दोघांनाच व्हतं.

मितेश : काका...

परशुराम : डोले पूस. असा रडत गेलास तर बांधावरचे परत थांबवतील तुना. जा.

जयेश : मी येऊ का रे तुझ्याबरोबर?

मितेश : नको, दादा. तू काकांजवळ बस.

परशुराम : गेला?

जयेश : गेला. होडी ढकलतोय. विमलाबाई उठून उभ्या राहिल्यात... काहीतरी विचारतायत त्याला. आता बाजूला झाल्या.

परशुराम : गोविंदा?

जयेश : गोविंदाकाका होडीची दोरी सोडून देतोय त्याला.

परशुराम : बरं केलं.

जयेश : तुम्ही इकडे या ना, बाबा. इथून दिसतंय.

परशुराम : मना नाय बगायचं. तू बग आनि मना नको सांगू.

जयेश : बरं.

परशुराम : ...पोचला का?

जयेश : पोचला. होडी आडवी लावली.

परशुराम : वाकला?

जयेश : वाकलाय.

परशुराम : हां.

जयेश : बाबा, रडा. मी आहे. आत्ता कुणी नाही बघत.

परशुराम : मयताला रडायला आलं नाय मना. सगले बोलत व्हते, परशुराम दगर हाय. मना वाटायचं, ती कुटं गेलीय? खुंट हायत ना तितं. आज गेली रं ती. आज गेली.

जयेश : या. माझ्याजवळ बसा.

परशुराम : तुजं ते काय बोल्लं काय?

जयेश : हो. आत्ता आलं मोबाइलवर. डबी पाण्यात आहे. जागा मितेशच्या घराची झाली. आता खात्याला नाही जाणार.

परशुराम : म्हावरं गावलं काय त्याला? ते सांगतं काय?

जयेश : नाही, बाबा. जाळं आहे की नाही, एवढंच बघतं ते.

परशुराम : मग सुकती लागली की फोन लाव त्याला. पयला दिवस हाय त्याचा तितं. कोनीतरी इचारायला पायजे.